दाखला नसलेला विद्यार्थी आणि पदवीचा प्रवेश : नव्या शिक्षकांसाठी कामाचा क्रम

भटक्या-विमुक्त समाजांतील, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील आणि पालावर वाढलेली मुले आता दहावी-बारावीपर्यंत पोहोचू लागली आहेत. गुण असूनही त्यांतील अनेकांची वाट कागदांपाशी अडते. जन्माची नोंद नाही, रेशनकार्ड नाही, वडील शाळेत गेलेले नाहीत, आणि जातीचा दाखला मागायला गेले की १९६१ पूर्वीचा पुरावा आणा, असे उत्तर मिळते. हा लेख माध्यमिक शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आहे. कागदपत्रांचे हे काम बारावीच्या निकालानंतर प्रवेशफेरीच्या धावपळीत होत नाही; ते आठवी-नववीपासून ठरावीक क्रमाने करावे लागते, आणि त्यातील सर्वांत वजनदार कागद बहुधा आपल्याच शाळेच्या कपाटात तयार होत असतो.

आधी पार्श्वभूमी

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला, म्हणून या समाजांत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. शिक्का गेला तरी भटकणे थांबले नाही, आणि आपल्याकडची सगळी सरकारी नोंद घर, गाव आणि जमीन यांच्याभोवती बांधलेली आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत ज्याचे घर नाही आणि गायरानावरचे पाल दर दोन-तीन महिन्यांनी उठते, त्याची नोंद कोणत्याच वहीत टिकत नाही. त्यामुळे ‘यांनी कागद सांभाळले नाहीत’ हे शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येणारे वाक्य आपण तरी बोलू नये. बहुतेकांच्या हाती सांभाळायला कागद आलेलाच नसतो.

पहिली पायरी : काय आहे आणि काय नाही, याची नोंद

आठवीच्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याचे उपलब्ध कागद पाहून एक साधी वही करावी. तिच्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, आधारवरचे नाव, कुटुंबाचे मूळ गाव, आजोबांचे नाव आणि घरातील शिकलेली इतर माणसे एवढे रकाने पुरेसे आहेत. आजोबांचे नाव आणि मूळ गाव हे दोन रकाने आज बिनकामाचे वाटतील. पुढे सगळी मदार त्यांच्यावरच असते.

ही चौकशी वर्गात करू नये. ‘ज्यांच्याकडे जातीचा दाखला नाही त्यांनी उभे राहा’ असे फर्मान अजूनही काही वर्गांत सुटते, आणि त्या दिवसानंतर एखादे मूल शाळेतच येत नाही. पालकांना एकेकटे भेटावे, शक्य असेल तर संध्याकाळी पालावर जावे, कारण दिवसा तिथे मोठे माणूस सापडत नाही. माहिती कशासाठी हवी आहे हे आधी सांगावे. नाव-गाव विचारणारा अनोळखी माणूस म्हणजे पोलीस, असा अनुभव ज्या वस्त्यांना आहे तिथे पहिल्या भेटीत खरी माहिती मिळेलच असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीची तयारी ठेवावी, आणि त्याच समाजातील एखादा शिकलेला तरुण सोबत असल्यास काम पुष्कळ सोपे होते.

दुसरी पायरी : जनरल रजिस्टर

शाळेचे जनरल रजिस्टर हाती घेऊन या मुलांच्या नोंदी स्वतः वाचाव्यात. हे काम लिपिकाचे आहे असे समजून सोडून देऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, दहावीचे प्रमाणपत्र आणि त्यावरून पुढे निघणारी प्रत्येक गोष्ट या रजिस्टरातील एका ओळीवर उभी असते. त्या ओळीत तीन ठिकाणी हमखास घोळ सापडतो.

पहिला घोळ जातीच्या रकान्यात असतो. पारधी समाजात काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे ही आडनावे सर्रास आढळतात. प्रवेशाच्या दिवशी बाप निरक्षर, आई गप्प, आणि लिहिणाऱ्याने आडनाव ऐकून आपल्या अंदाजाने ‘हिंदू मराठा’ असे लिहून टाकलेले असते. कधी नुसतेच ‘हिंदू’ लिहून पुढची जागा कोरी सोडलेली असते. एका घरातल्या तीन भावंडांच्या तीन शाळांत तीन वेगळ्या नोंदी निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. दहा वर्षांनी जातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर हीच ओळ विरोधी पुरावा म्हणून उभी राहते. पोटजातीचा उल्लेखही नेमका हवा, कारण फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, तर पाल पारधी आणि राजपारधी विमुक्त जातींत. कैकाडी समाज विदर्भात, राजुरा तालुका सोडून, अनुसूचित जातींत आहे आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. नुसते ‘पारधी’ किंवा ‘कैकाडी’ लिहून मोकळे होणाऱ्याला पुढचा गुंता दिसत नाही.

दुसरा घोळ जन्मतारखेचा. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाला १ जून ही तारीख देऊन टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे महाराष्ट्रातल्या कित्येक वस्त्यांमध्ये निम्मे लोक एकाच दिवशी जन्मलेले आढळतात. तारीख अंदाजे असली तरी एकवेळ चालते, पण ती सर्व कागदांवर एकच असली पाहिजे आणि भावंडांच्या तारखांशी तिचा मेळ बसला पाहिजे. दोन सख्ख्या भावांच्या जन्मात चार महिन्यांचे अंतर असलेली रजिस्टरे अस्तित्वात आहेत.

तिसरा घोळ नावाचा. घरात हाक मारायचे नाव एक, अंगणवाडीत दुसरे, आधारवर तिसरे. बापाचे नाव एका ठिकाणी ‘नाम्या’ तर दुसरीकडे ‘नामदेव’. यांतील कोणते नाव कायम ठेवायचे हे कुटुंबाने ठरवायचे, आणि एकदा ठरले की आधारसह सगळे कागद त्या नावाकडे वळवायचे. आधारवर नावात आयुष्यात दोनदा आणि जन्मतारखेत एकदाच दुरुस्ती करता येते, म्हणून घाईने पहिली संधी वाया घालवू नये.

रजिस्टरातील नोंद चुकीची असेल तर ती खोडून वर दुसरी लिहिण्याचा मोह मुख्याध्यापकांनाही होतो. ते कदापि करू देऊ नये. नाव, जात किंवा जन्मतारीख यांतील बदलासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यासाठी पुराव्यासह प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि हा प्रस्ताव विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच पाठवावा, कारण शाळा सोडल्यानंतर अशी दुरुस्ती मिळणे फार अवघड होते. परवानगीचा जावक क्रमांक आणि दिनांक रजिस्टराच्या शेऱ्यात लाल शाईने लिहून त्या पत्राची प्रत विद्यार्थ्याच्या फाइलीत ठेवावी. खाडाखोड केलेली नोंद समितीच्या दक्षता पथकाला पहिल्या नजरेत दिसते आणि मग खरी जातही संशयास्पद ठरते.

दहावीचा अर्ज भरल्यानंतर मंडळाकडून प्री-लिस्ट, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तपशिलाची तपासणीसाठीची यादी, येते. ती त्या मुलाच्या आणि पालकाच्या समोर, प्रत्येक अक्षर वाचून दाखवून तपासावी. छापील प्रमाणपत्रातील चूक विभागीय मंडळाकडून दुरुस्त होऊ शकते, परंतु त्यासाठी लागणारे हेलपाटे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाहीत.

तिसरी पायरी : जन्माची नोंद

सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. त्या आधाराने मूल शाळेत येते आणि मग जन्माचा दाखला सगळेच विसरून जातात. दहावीपूर्वी तो काढण्याचा प्रयत्न करावा.

जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही. ती जन्म झाला तिथेच होते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर जन्मलेल्या मुलाची नोंद बीडमध्ये शोधून सापडणार नाही. ती कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असेल, नाहीतर कुठेच नसेल. आईला तारीख सांगता येत नसली तरी त्या वर्षी टोळी कोणत्या कारखान्याला होती, मुकादम कोण होता आणि बाळंतपण दवाखान्यात झाले की कोपीवर, हे तिला नेमके आठवते. त्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्राचे बाळंतपण रजिस्टर, लसीकरणाचे कार्ड किंवा अंगणवाडीची नोंद शोधता येते.

कुठेच नोंद नसेल तर संबंधित ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. एक वर्षाहून जुन्या जन्माच्या विलंबित नोंदीसाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा प्रकरणांची छाननी बरीच कडक झाली आहे, म्हणून अर्जासोबत शाळेच्या रजिस्टराचा उतारा आणि आरोग्य विभागाची मिळेल ती नोंद जोडावी. नुसत्या शपथपत्रावर विसंबून राहू नये.

शपथपत्रावरून आठवले. सरकारी कार्यालयात सादर करायच्या शपथपत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही सेतू केंद्राबाहेर पाचशेचा स्टॅम्प घेतल्याशिवाय काम होणार नाही असे सांगणारे भेटतात. पालकांना हे आधीच सांगून ठेवावे.

चौथी पायरी : जातीचा दाखला

दाखला देण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यांना, म्हणजे प्रांतांना असतो. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेतूमार्फत भरता येतो, परंतु तो कोणत्या प्रांत कार्यालयात जायला हवा हे आधी ठरवावे लागते. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, विद्यार्थ्याचे पूर्वज जिथे कायम वास्तव्याला होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. मुलगा पुण्याच्या हडपसरमध्ये शिकत असला आणि आजोबा आष्टी तालुक्यातले असले, तर पुण्यात केलेला अर्ज परत येणार हे निश्चित. मानीव दिनांक प्रवर्गाप्रमाणे बदलतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद शोधणे हाच या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे.

शोध वंशावळीपासून सुरू करावा. मोठ्या कागदावर पणजोबांपासून सगळ्या शाखा मांडाव्यात आणि प्रत्येक नावाशेजारी तो माणूस कुठे राहत होता, शाळेत गेला होता का, नोकरीला होता का हे लिहावे. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा चुलत भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला दोन महिने बसला असेल, आणि त्या दोन महिन्यांची नोंद आज पूर्ण घराण्याच्या कामी येते. असा शोध घेताना गावातील म्हातारी माणसे जितकी उपयोगी पडतात तितके कोणतेही संकेतस्थळ पडत नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. त्यांच्या नकलेसाठी रीतसर अर्ज करावा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

आणखी एका ठिकाणाचा उल्लेख केला पाहिजे. सोलापूरसारख्या ठिकाणी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती, लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’, होत्या. तिथे तारेच्या कुंपणात ठेवलेल्या कुटुंबांची नावे जमातीसह लिहिली जात. ज्या वहीत आजोबांना गुन्हेगार म्हणून रोज हजेरी द्यावी लागे, तीच वही आज नातवाच्या प्रवेशासाठी पुरावा म्हणून मागायला जावे लागते. कुटुंबाला तो विषय नको असेल तर आग्रह धरू नये, पण असा कागद असू शकतो हे त्यांना माहीत असावे.

काहीच सापडले नाही तर अर्ज करायचाच नाही असे मात्र नाही. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत स्थानिक चौकशी आणि गृहचौकशी करून निर्णय घेता येतो, आणि अर्जात तशी स्पष्ट विनंती करावी. गृहचौकशीला येणारे मंडळ अधिकारी किंवा तलाठी कोणत्या दिवशी येणार हे विचारून त्या दिवशी कुटुंब पालावर थांबेल असे पाहावे. माणसे कामावर गेलेली असल्याने ‘अर्जदार आढळून आला नाही’ असा शेरा पडतो आणि सहा महिने जातात. अर्ज नाकारला गेल्यास तोंडी नकारावर परत येऊ नये. कारणासह लेखी आदेश मागावा, कारण त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते आणि आदेशच हातात नसेल तर अपील कशावर करणार?

एक सावधगिरी. जातीचा ‘पक्का’ पुरावा आणून देणारे दलाल प्रत्येक तालुक्यात असतात, आणि घाईत असलेला बाप त्यांच्याकडे वळतो. जातप्रमाणपत्रांविषयीच्या २००० च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार खोट्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेश आणि पदवी रद्द होते, घेतलेले लाभ वसूल होतात आणि सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची शिक्षाही होऊ शकते. खरोखर त्या जातीचा असलेला मुलगा केवळ बनावट उताऱ्यामुळे अपात्र ठरावा, याहून मोठे नुकसान नाही.

पाचवी पायरी : वैधता

कला किंवा वाणिज्य शाखेच्या साध्या पदवीसाठी सहसा जातीचा दाखला पुरतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे दाखला तपासून पडताळणी समितीने तो खरा ठरवल्याचे प्रमाणपत्र, लागते. अकरावी विज्ञानात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव अकरावीतच महाविद्यालयाच्या पत्रासह पाठवावा. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे प्रस्ताव जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात, तर अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. फासेपारधी मुलाचा प्रस्ताव चुकीच्या समितीकडे पाठवून वर्ष गमावू नये.

समितीने त्रुटी कळवली तर ती ऑनलाइन खात्यावर आणि मोबाइलवर येते. तो मोबाइल बऱ्याचदा एखाद्या मामाचा असतो आणि मामा हंगामाला गेलेला असतो. म्हणून अर्जात चालू राहील असा क्रमांक द्यावा आणि खाते दर पंधरा दिवसांनी आपण स्वतः उघडून पाहावे. सुनावणीला मुलासोबत वडील किंवा काका गेले पाहिजेत. समितीसमोर समाजाच्या चालीरीती, देवदेवता, बोली यांविषयी प्रश्न विचारले जातात. शहरात वाढलेल्या मुलाला त्यांतले काही माहीत नसेल तर त्याने पाठांतर करून उत्तरे देऊ नयेत, जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. अशी आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि अधिकृत जुन्या कागदांचे वजन त्याहून अधिक असते.

प्रवेशाचे वर्ष

बारावीच्या वर्षी उत्पन्नाचा दाखला, विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी नॉन-क्रिमिलेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), आणि अधिवासाचा दाखला दिवाळीच्या सुट्टीत काढून घ्यावेत. मे-जूनमध्ये सेतूत रांगा असतात. सीईटीच्या माहितीपुस्तिकेत कोणता कागद कोणत्या दिनांकापर्यंत वैध हवा आणि वैधता प्रलंबित असल्यास अर्जाची पोच चालते का, हे दरवर्षी नव्याने वाचावे, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये.

पैशांसाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते लागते, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती तिथेच जमा होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विमुक्त, भटक्या आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींसाठी स्वयंम्; तिन्हींचे अर्ज वेगवेगळ्या विभागांत असल्याने मुलाचा प्रवर्ग ठरल्याशिवाय यांतले काहीच सुरू होत नाही. कागद वेळेत झालेच नाहीत तर खुल्या प्रवर्गातून साध्या पदवीला प्रवेश घेऊन ठेवावा, किंवा घर चालवण्यासाठी फिरावेच लागत असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. दाखल्याची वाट पाहत एक वर्ष घरी बसलेला विद्यार्थी, विशेषतः मुलगी, पुन्हा वर्गात परतण्याची शक्यता फार कमी असते; लग्न ठरते किंवा कोयता हातात येतो.

विद्यार्थ्याला वैधता मिळाली की त्याची फाइल बंद करू नये. वडिलांकडील रक्तनात्यातील एकाची वैधता झाली असेल तर नाते सिद्ध केल्यावर इतरांची प्रकरणे बरीच सोपी होतात. म्हणून प्रमाणपत्र, वंशावळ आणि जुन्या नोंदींच्या प्रती यांचा एक संच विद्यार्थ्याला द्यावा, एक शाळेत ठेवावा आणि त्याच्या धाकट्या भावंडांची व चुलत भावंडांची नावे शोधून, ती सध्या कोणत्या शाळेत आहेत हे त्याच फाइलीवर लिहावे. त्या शाळांच्या मुख्याध्यापकांना एक पत्र पाठवले, तर पुढच्या मुलाचे काम वंशावळीपासून नव्याने सुरू करावे लागत नाही.